मार्थाबाई आणि पादऱ्याचा डोह

मार्थाबाई तायडे देवावरसुद्धा रागवायच्या. शाळा भरण्यापूर्वी आम्ही शिक्षक आळीपाळीने प्रार्थना करायचो. बाकीचे सगळे हात जोडून, डोळे मिटून, ‘हे दयाळू पित्या’ अशी सुरुवात करणारे. बाईंची पाळी आली की त्या कमरेवर हात ठेवून, डोळे सताड उघडे ठेवून छताकडे बघत बोलायच्या. ‘देवा, चौथीतल्या रत्नीची माय दवाखान्यात पडून हाय. घरी लहान लहान लेकरं हायेत. तुले सारं मालूम हाय. मंग तू करून काय राहिला?’ एवढं बोलून त्या थांबायच्या. उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही अशा बेताने थांबायच्या. मागे मुली खुदखुदायच्या. एकदा शाळेच्या मुख्य मडमबाईंनी त्यांना बाजूला घेऊन हळूच सुचवलं, की प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटलेले बरे. बाई म्हणाल्या, ‘ज्याच्याशी बोलाचं त्याच्याकडे पाहून बोलावं, मडमबाई. डोये मिटले का मले झोप येते.’

अकोल्याच्या त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायला लागले तेव्हा नुकतीच बडनेऱ्याहून आले होते. वडील रेल्वेत, घरात सगळं शिस्तीत आणि हळू आवाजात. त्यामुळे पहिले काही दिवस मला बाईंची धास्तीच बसली होती. ठेंगणा बांधा, पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला, आणि आवाज असा की भूगोलाचा तास पाचवीत चालला असेल तर सातवीचाही भूगोल पक्का व्हायचा. शिकवताना त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. राग आला की ती गळून पडायची आणि खालची वऱ्हाडी बाहेर यायची. मुलींना याचा अंदाज असे. ‘उत्तर चुकलं’ म्हणाल्या तर काही भीती नाही; ‘काहून वं पोट्टे?’ म्हणाल्या की पाटीमागे तोंड लपवायचं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रागाला पाप म्हणतात. बाईंना तसं कुणी म्हटलं की त्या म्हणत, ‘राग मले देवानंच देल्ला. त्यानं देल्ली वस्तू टाकून देऊ का?’ मी तेव्हा हसायचे. आता मात्र वाटतं, त्या मंडळीत राग शिल्लक असलेलं ते एकच माणूस होतं. बाकीच्यांनी तो कधीच गिळून पचवला होता.

आमची मंडळी दर वर्षी माघ महिन्यात पूर्णेवर जायची. अकोल्याहून, अमरावतीहून, भातकुलीकडच्या खेड्यांतून बैलगाड्या निघायच्या आणि बाईंच्या गावाजवळ, नदीच्या एका वळणावर सगळे उतरायचे. तिथला डोह उन्हाळ्यातही आटत नसे. आमच्या लोकांचे आजे-पणजे तिथेच पाण्यात उतरून ख्रिस्ती झाले होते. गावचे लोक त्याला पादऱ्याचा डोह म्हणत, आणि आम्हीही तेच म्हणत असू. तिकडच्या विहिरी खाऱ्या. म्हणून पोचल्या पोचल्या पुरुष मंडळी नदीच्या वाळूत झिरे खणायची, आणि वाळूतून निथळलेलं गोड पाणी बायका वाटीवाटीने घागरीत भरायच्या. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी व्हायची, संध्याकाळी डफावर भजनं. सकाळी बाप्तिस्मा. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहत आणि एकेकाला बुडवून काढत. काठावर त्या माणसाचं सगळ्यात जवळचं कुणीतरी कोरडं कापड हातात धरून उभं असे. ओल्या माणसाला त्या कापडात घेतलं की बाप्तिस्मा पुरा झाला, अशी आमची रीत. निघताना प्रत्येक घर गडूभर पाणी घेऊन जायचं. आजारी माणसाच्या ओठाला लावायचं, बाळंतिणीला द्यायचं. हे शास्त्रात कुठे लिहिलंय असं आम्हांला कुणी विचारलं नव्हतं.

मग कदम पाळक आले. नगरकडचे, शिकलेले, टापटिपीचे, आवाज मऊ. पहिल्याच वर्षी ते नदीवर आले, बूट न काढता वाळूत उभे राहिले, रोडग्याला बोट लावलं नाही, आणि परत आल्यावर रविवारच्या उपदेशात म्हणाले, ‘प्रियजनहो, ही ख्रिस्ती यात्रा नाही, ही जत्रा आहे. रोडगे नवसाचे. नदी पवित्र, हा विचार आपण मागे टाकून आलो आहोत.’ पुढच्या वर्षी अकोल्याच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, व्यासपीठाखाली सिमेंटचा हौद बांधला गेला. त्याला निळ्या फरशा, उतरायला पायऱ्या. मंडळीच्या पंचांनी ठराव केला, की यापुढे बाप्तिस्मा हौदातच, नदीची सहल बंद.

कोणी काही बोललं नाही. मला आजही त्या लोकांचा राग येतो. कचेरीत, रेल्वेत नोकरीला लागलेली ही माणसं. त्यांना बैलगाडीत बसायची लाज वाटायला लागली होती, आणि पाळकांनी त्या लाजेला धर्माचं नाव दिलं. पिढ्यान्‌पिढ्या त्या नदीवर रोडगे खाल्लेले लोक घड्याळाकडे बघत बसून राहिले. फक्त बाई उठल्या. ‘येशूनं का हौदात बाप्तिस्मा घेतला होता?’ त्यांनी विचारलं. पाळक हसून म्हणाले, ‘बाई, पाणी ते पाणी. हौदातलं काय, नदीतलं काय.’ बाई खाली बसल्या.

त्याच सुमारास बाईंची आई अकोल्याला राहायला आली. पारबता तिचं नाव. सगळे बुढीच म्हणायचे. ती ख्रिस्ती नव्हती. बाई लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्या डोहात बाप्तिस्मा घेतला होता, तेव्हा काठावर कोरडं धोतर धरून ही उभी होती. नवरा पाण्यातून बाहेर यायला लागला, आणि हिने धोतर चिखलात फेकून दिलं. ‘माह्या मायबापाचे देव मी सोडत नाई,’ म्हणाली आणि घराकडे चालू लागली. पुढे तिने त्याचा संसार केला, त्याची लेकरं वाढवली, तो गेल्यावर भावाकडे राहिली, पण देवळाची पायरी चढली नाही. मग छप्पन्न साली तिचा भाऊ, भावजय, सगळी आळी बौद्ध झाली. घरातले जुने देव नदीत गेले. भाऊ म्हणाला, ‘अक्का, तू बी चाल आमच्यासंगं.’ बुढीने खूप विचार केला. मग म्हणाली, ‘देव तं सुटलेच. आता जाचंच हाय तं माह्या मानसाच्या वाटेनं जातो.’ आणि गाठोडं घेऊन लेकीकडे आली.

तिची एकच अट होती. ‘मले डोहातच डुबवा. जिथी मी त्यायचं धोतर फेकलं, तिथीच.’

बाई पाळकांकडे गेल्या. मी बरोबर होते. चहा आला, बाईंनी घेतला नाही. म्हातारी बाई आहे, तिची एवढीच इच्छा आहे, गाडी मी करते, तुम्ही फक्त चला, असं सगळं त्यांनी पुस्तकी मराठीत, आवाज चढू न देता सांगितलं. मी त्यांना कुणापुढे इतकं नमतं घेताना कधी पाहिलं नव्हतं. पाळकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘मी त्यांना एकदा नदीवर नेलं की उद्या सगळे मागतील. तत्त्वाचा प्रश्न आहे, बाई. आईंना हौदात आणा, मी आनंदाने बाप्तिस्मा देईन.’ घरी येऊन बाईंनी हे सांगितलं तेव्हा बुढी म्हणाली, ‘हौदात म्हशी बसतेत.’ आणि विषय संपला.

त्यानंतर काही महिन्यांनी पाळक पवित्र भूमीला गेले. परदेशातल्या कुठल्या मंडळीने त्यांचा खर्च केला होता. परत आले ते झेंडूच्या हारांतच. शनिवारी संध्याकाळी देवळात पडदा लावून त्यांनी यात्रेची चित्रं दाखवली. सगळी मंडळी लोटली होती. बुढीही पुढे सतरंजीवर बसली होती. यरुशलेम झालं, बेथलेहेम झालं, आणि मग पडद्यावर नदी आली. पांढरा झगा घातलेले कदम पाळक पाण्यात उभे. ‘ही यार्देन, प्रभूचा बाप्तिस्मा झाला ती नदी,’ ते म्हणाले. ‘मी त्या पवित्र नदीत पाऊल ठेवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.’ त्यांचा आवाज खरंच भरून आला. मग त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. तिच्यात यार्देनचं पाणी होतं. पुढच्या रविवारी त्याचे चार थेंब आपल्या हौदात घालायचे, असं त्यांनी जाहीर केलं. लोक ‘हालेलुया’ म्हणाले.

अंधारात बाईंचा आवाज आला. अगदी वर्गात विचारावं तसा. ‘पाळकसाहेब, पाण्याचा रंग कसा होता?’

‘थोडा मातकट,’ पाळक म्हणाले.

‘काठावर काय होतं?’

‘लव्हाळे होते. झाडी. काही गाढवं चरत होती.’

‘आणि लोक?’

‘पुष्कळ. देशोदेशींचे यात्रेकरू. काही जण पांढरी वस्त्रं पाण्यात भिजवून घरी नेत होते. मरणानंतर अंगावर घालायला. मोठी श्रद्धा, बाई!’

‘खायाले काय करून राहिले होते?’

पाळकांना आता बाईंचा रोख कळला असावा. तरी ते म्हणाले, ‘काठावर विस्तव करून रोट्या भाजत होते.’

बाई उठून उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या नदीच्या उजेडात त्यांचं तोंड दिसत होतं, आणि मला ते अजून दिसतं. ‘पाणी ते पाणी नं, साहेब? तुमीच सांगतलं होतं. मंग समुद्र ओलांडून इतक्या दूर काहून गेले? तिथं लोक कपडा भिजवून नेते तं ती श्रद्धा, अन् आमी गडूभर पानी नेलं तं तो नवस? तिथं रोटी भाजली तं यात्रा, अन् आमचा रोडगा भाजला का जत्रा? साहेब लोकाईची नदी पवित्र अन् आमची नदी म्हशी धुवाची, असंच नं?’

‘बाई, तिथे प्रभू उतरला होता,’ पाळक म्हणाले.

‘अन् इथी माहा बाप उतरला होता. त्याच प्रभूच्या नावानं.’

बुढी पडद्याकडे बघत शेजारणीला म्हणाली, ‘नदी बरी हाय. पण आपली याच्याहून मोठी हाय वं.’

पुढच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. आदल्या दिवशी बाई शिवणाच्या वर्गाच्या दारात येऊन मला म्हणाल्या, ‘उद्या माह्यासंगं चाल. कोरडं लुगडं धराले मानूस पाह्यजे.’ पाळकांना विचारलं का, असं मी म्हणताच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने होकार दिला.

आम्ही तिघी फाट्यापर्यंत मोटारीने गेलो आणि तिथून बैलगाडीने. माघाची थंडी होती. डोहावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पलीकडच्या काठाला एक गुराखी म्हशी घेऊन बसला होता. बुढीने पाण्याच्या कडेने चालत चालत एक जागा शोधली. दगड नाही, झाड नाही, नुसता चिखल. पण ‘हेच’ म्हणाली. बाईंनी पातळ खोचलं, आईचा हात धरला आणि पाण्यात शिरल्या. कमरेएवढं पाणी आल्यावर थांबून वर बघितलं. ‘देवा,’ त्या म्हणाल्या, ‘पाळक नाई आला. म्हून मी आली. बाईमानसाच्या हातचं तुले चालत नसन तं आत्ताच सांग, मंग नको म्हनू.’ आम्ही सगळ्यांनी वाट बघितली, गुराख्यानेही. काही झालं नाही. मग बाईंनी खणखणीत आवाजात म्हटलं, ‘बापाच्या नावानं, लेकाच्या नावानं, अन् पवित्र आत्म्याच्या नावानं!’ आणि आईला मागे कलती करून पुरी पाण्याखाली घातली.

बुढी वर आली ती शिव्या देतच. ‘मेली वो माय! मुंडकं दाबून धरलं या पोट्टीनं!’ आम्हांला तिघींनाही हसू फुटलं. मी धावत कडेला गेले आणि कोरडं लुगडं तिच्याभोवती गुंडाळलं. ती कुडकुडत होती. लुगडं गळ्याशी घट्ट ओढून घेतलं आणि तिचं हसू एकदम थांबलं. पाण्याकडे बघत म्हणाली, ‘त्या दिवशी त्यायले लय थंडी वाजली असन.’

बाईंना रागवायला कुणी सापडलं नाही अशी ती मी पाहिलेली एकच वेळ.

सोमवारपर्यंत अकोल्यात सगळ्यांना कळलं होतं. पंचांनी बाईंना बोलावलं. पाळकांचा दीक्षित नसलेल्या बाईच्या हातावर आक्षेप होता, जागेवर होता, आणि शब्दांवरही होता. ‘पुत्राच्या’ म्हणायला हवं, ‘लेकाच्या’ कसं म्हणालात, असं एका पंचाने खरोखर विचारलं. शेवटी पाळक त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, की बाईंनी एवढंच कबूल करावं, जे झालं ती आंघोळ होती, बाप्तिस्मा नव्हता. मग आईंना हौदात रीतसर बाप्तिस्मा देऊ आणि कुणाच्या मनात काही राहणार नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या मऊपणाचाच मला संताप येतो. बाई म्हणाल्या, ‘माह्या मायले मी न्हाऊ घालाले पूर्णेवर नेलं होतं का? घरी बादली नाई का?’ आणि उठून आल्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीच्या तुकड्यांची ताटली बाकाबाकावरून फिरायची; बाप्तिस्मा झालेल्यांनाच तुकडा मिळे. बाई आणि बुढी पहिल्या बाकावर. पंच ताटली घेऊन आला, बाईंपुढे धरली आणि बुढीला ओलांडून पुढे गेला. बाईंनी आपला तुकडा मोडला आणि अर्धा आईच्या हातावर ठेवला. सगळ्या देवळाने पाहिलं. पुढच्या महिन्यात पंचाने दोघींनाही ओलांडलं. तरी त्या येत राहिल्या, त्याच बाकावर, अगदी पुढे. ताटली येई आणि निघून जाई. एकदा बुढीने लेकीला विचारलं, आणि ती जरा बहिरी असल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असंच विचारलं, ‘आजबी भाकर सरली का वं?’

यावर तरी कुणी उठेल असं मला वाटलं होतं. पेटी वाजवणाऱ्याने पुढचं गीत सुरू केलं.

असं दोन वर्षं चाललं. मग माझं लग्न ठरलं, अमरावतीला जायचं नक्की झालं, आणि जायच्या आदल्या आठवड्यात बुढी गेली. पुढे बाईंची बदली कुठल्या खेड्यातल्या शाळेत झाली असं ऐकलं, पण त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्यामुळे मला बाई आठवतात त्या बुढीला नेलं त्या सकाळच्याच.

बाईंच्या क्वार्टरच्या अंगणात बांबूची तिरडी तयार होती. तिच्यावर बुढी. अकोल्याची मंडळी आली होती, बुढीचा भाऊ गावाहून आला होता. सगळे कुजबुजत होते, कारण कबरस्तानात जागा द्यायची की नाही हे पाळकांच्या हातात होतं. तेवढ्यात कदम पाळक स्वतःच आले. काळा झगा, हातात पुस्तक. मरणाच्या दारात भांडण नको असा विचार त्यांनी केला असणार. बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘कबरस्तानाच्या कोपऱ्यात जागा देतोय आपण. माणुसकी म्हणून.’

बाई त्यांच्या आणि तिरडीच्या मधे उभ्या राहिल्या. ‘कोपरा कोनाले देता?’

‘बाई, ही वेळ नाही.’

‘हेच वेळ हाय. मायले उचलाच्या आंधी मले सांगा, हे बुढी कोन हाय? आंघोळ केल्ली बाई, का बाप्तिस्मा घेतल्ली?’

ऊन चढत होतं. पाळकांनी पंचांकडे बघितलं. पंच जमिनीकडे बघत होते. त्यांनी तिरडीकडे बघितलं. मी पाळकांच्या अगदी बाजूला होते. मग ते म्हणाले, ‘पारबताबाई आपल्या भगिनी होत्या.’

‘कोनाच्या नावात?’

‘ख्रिस्ताच्या.’

‘जोरानं सांगा, साहेब. हे मागचे लोक बहिरे हायेत. दोन वर्षं झाले, त्याईले काई ऐकू नाई आलं.’

पाळक वळले. त्यांचा तो मऊ आवाज फाटला. ‘पारबताबाई तायडे या ख्रिस्तात आपल्या भगिनी होत्या!’ ते ओरडून म्हणाले, आणि अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ते ऐकू गेलं. मग त्यांनी पुस्तक उघडलं. बाईंनी आपला तळवा त्या पानावर ठेवला आणि पुस्तक मिटलं.

‘राहू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘इतकंच पाह्यजे होतं.’

बायका तिरडीला हात लावत नाहीत. बाईंनी पदर खोचला, खाली वाकल्या आणि पुढचा बांबू खांद्यावर घेतला. तिरडी एका बाजूने उचलली गेली. पुरुष तसेच उभे होते, कुणी काय करायचं ते न कळून. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

‘उभे काहून हा?’ त्या ओरडल्या. ‘चाला! लय ताटकळली बुढी.’